मनोऱ्यातला इंजिनियर

मी ऑनसाइटला ब्रसेल्सला आले त्याच वर्षी काचबिंदूनं बाबांचा डावा डोळा नेला. साताऱ्यात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मी एकुलती एक, इंजिनियर, पण कोड लिहिणारी. "दुकान देऊन टाकू का गं कुणाला?" ते फोनवर सहज विचारायचे. मी विषय बदलायचे.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी ऑफिसातली मैत्रीण मला जवळच्या मेखेलेन गावी घेऊन गेली. तिथे उन्हाळ्यात दर सोमवारी रात्री साडेआठला कॅरिलॉनची मैफल असते. सेंट रुम्बोल्ड चर्चच्या ९७ मीटर उंच मनोऱ्यातल्या कॅरिलॉनला ४९ घंटा, आणि त्या वाजवणारा एकच माणूस. तो पायऱ्या चढून वर जातो, लाकडी दांड्यांवर मुठी मारतो आणि जड घंटा पायानं वाजवतो. घंटा हलत नाही. दांडीला जोडलेली तार आतला लोलक ओढते. मूठ हलकी पडली की सूर हलका. आम्ही खाली अंगणात खुर्च्यांवर. तो आम्हाला दिसत नाही, आम्ही त्याला.

या सोमवारच्या मैफली १८९२ मध्ये येफ देनाइननं सुरू केल्या. मैत्रिणीनं त्याची गोष्ट सांगितली. त्याचे वडील अडॉल्फ गावचे कॅरिलॉनवादक. येफ इंजिनियरिंग शिकत होता. १८८१ मध्ये वडिलांची दृष्टी गेली आणि एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांच्या जागी मनोऱ्यात जाऊन बसला.

माझ्या पोटात गोळा आला. घंटा मजेत वाजत होत्या आणि मला ऐकूच येईना.

मी बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेबारा, पण हल्ली त्यांना झोप नसते. काही न बोलता फोन वर धरला. तुकडा संपल्यावर कानाला लावला.

"मोटर कुठली आहे?"

"मोटर नाही बाबा. माणूस हातानं वाजवतोय. सगळं तारांवर."

"मग तारांचा ताण रोज बघत असणार तो. थंडीत बदलत असेल." थोडं थांबून म्हणाले, "चांगला कारागीर आहे."

परतीच्या ट्रेनमध्ये मी देनाइनबद्दल आणखी वाचलं. आतलं इंजिनियरिंग त्यानं सोडलंच नव्हतं. तारा आणि दांड्यांची यंत्रणा त्यानं इतकी सुधारली की घंटांवर लांब, थरथरता सूर धरता येऊ लागला. आणि १९२२ मध्ये, साठाव्या वर्षी, त्यानं कॅरिलॉन शिकवणारी जगातली पहिली शाळा काढली. ती अजून चालू आहे. म्हणजे बापाचे डोळे गेले म्हणून ज्याला मनोरा चढावा लागला, त्यानंच पुढच्यांसाठी अशी सोय केली की ही कला कुणाच्या मुलावर अडून राहू नये.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच विषय बदलला नाही.

"बाबा, मी दुकानात बसायला येणार नाही."

"ठाऊक आहे गं."

"पण तुमच्याकडे तो पोरगा येतो ना, मदतीला? त्याला नुसतं सामान आणायला पाठवू नका. वेढे मोजायला बसवा. सगळं शिकवा."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"त्याचा हात हलका आहे," बाबा म्हणाले. "तार तुटत नाही त्याच्याकडून."