ओढ्यापलीकडची गल्ली

नगरपरिषदेची प्रारूप प्रभाग रचना फलकावर लागली, की आमच्या गावात गर्दी होते ती 'आपण कुठल्या प्रभागात' एवढंच बघायला. मागे एकदा तर तेही दिसेना. नकाशा झेरॉक्सची झेरॉक्स, गल्ल्यांची नावं म्हणजे नुसते काळे डाग. शेजारी छापलेली चतुःसीमा मात्र स्वच्छ वाचता येत होती: उत्तरेस ओढा, पूर्वेस तालमीचा रस्ता वगैरे.

हरकतींची मुदत थोडी. आम्ही चौघांनी ती चतुःसीमा क्यूजीआयएस या नकाशे आखायच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये आखायला घेतली. तळाला ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकच भरतात. आमच्या गल्ल्या, आड, शाळा त्यात आम्हीच हिंडून टाकल्या होत्या, मराठी नावांनिशी. रेषा जुळवताना घोळ सापडला. ओढ्यावर मध्यंतरी स्लॅब पडला, वरून रस्ता झाला. मजकूर ओढ्याला धरून, नकाशा पुढच्या रस्त्याला. मधली एक गल्ली मजकुरात एका प्रभागात, नकाशात दुसऱ्याच.

नकाशाची प्रिंट जोडून हरकत दिली. सुनावणीनंतर नगरपरिषदेच्या अभियंत्यांनी थांबवून घेतलं.

"सॉफ्टवेअर कितीला पडलं?"

"फुकट आहे, साहेब."

"म्हणजे महिनाभराचं?"

कायमचं म्हटल्यावर त्यांनी आपला संगणक आमच्याकडे वळवला. मूळ रेषा तिथे केएमएल फाइलमध्ये, म्हणजे नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडणाऱ्या फाइलमध्ये, होत्याच! लोकांसमोर आली ती तिची प्रिंट, प्रिंटचं स्कॅन, स्कॅनची झेरॉक्स. ओपन सोर्स वापरण्याचं केंद्र सरकारचं धोरण २०१५ पासून आहे; पण कार्यालयातली फाइल लोकांना उघडता येत नसेल, तर सॉफ्टवेअर कुठलंही असो, काय उपयोग?

अंतिम रचनेत गल्लीचा घोळ मिटला. पुढे अभियंत्यांनी रस्त्यांची अधिकृत नावंही देऊ केली. पण ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दुसऱ्याची माहिती परवानगीशिवाय टाकता येत नाही, म्हणून मुख्याधिकाऱ्यांचं पत्र मागितलं. नावं भरायला लागला त्याहून जास्त वेळ त्या पत्राला लागला. आलं मात्र, सही-शिक्क्यानिशी.

तुमच्याकडे प्रभाग रचना लागेल तेव्हा हरकत असो वा नसो, सूचना म्हणून एक अर्ज जरूर द्या: नकाशासोबत केएमएल फाइलही संकेतस्थळावर टाकावी. पोच घ्यायला विसरू नका.