सेंट मारलेला म्हातारा

आमच्याकडं बाप्या माणसानं सेंट कधी लावावं याचे नियम ठरलेले आहेत. लग्नमांडवात कुणी अत्तराचं बोट मनगटाला फिरवलं तर. यात्रेत अत्तरवाल्यानं कापसाचा फाया दिला आणि तो कानात खोचला तर. आणि तिसरं म्हणजे पोरगं कॉलेजला जायला लागलं की वर्ष-दोन वर्षं. पुढं त्याचं लग्न होतं, ते रानात उतरतं, आणि बाटली कपाटावर धूळ खात पडते. नातवंडं असलेल्या माणसानं साध्या मंगळवारी, काही कारण नसताना, सेंट लावून एसटीची वाट बघत उभं राहावं हे ह्या नियमात कुठंच बसत नाही. मी मात्र गेली तीस वर्षं तेच करतोय. पारावरची मंडळी लांबूनच म्हणतात, "तात्या आलं रं, वारा फिरला!"

मी श्रीगोंदा तालुक्यातला लिंबाचा बागायतदार. अडीच एकर कागदी लिंबू, दोन गाया, बाकी रानात ज्वारी आणि कांदा. १९७६ साली दहावी झालो आणि पुस्तकं बांधून ठेवली. पुढचं निम्मं शिक्षण नाकातनं झालं असं म्हटलं तरी चालेल. कांद्याच्या चाळीत शिरलं की कुठल्या कप्प्यात सड लागलीय ते डोळ्याआधी नाकाला कळतं. मुरघासाचा खड्डा उघडला आणि आंबूसगोड वास आला तर साधला, कुजका आला तर गेला. पाऊस पलीकडच्या शिवारात पडतो, पण मातीचा वास आपल्या बांधावर आधी येतो. लिंबाला बहर आला की पहाटे मोटार चालू करायला जाताना अंधारातही कळतं, आज फूल उमललं.

पण नाक काय आपल्यालाच असतं होय? दुसऱ्यालाही असतं, आणि ते आपल्याला हुंगतं. शेण, डिझेल, घाम, आणि वर फवारणीचं औषध. औषधाचा वास तर दोनदा साबण लावला तरी नखात आणि केसांत राहतो. आपल्याला तो जाणवत नाही, शेजारी बसणाऱ्याला जाणवतो.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पीककर्जाचं नवं-जुनं करायला मी तालुक्याला गेलो होतो. आदल्या दिवशी बागेत फवारणी केलेली. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेलो होतो. टेबलापलीकडच्या साहेबानं खुर्ची हातभर मागं सरकवली आणि माझे कागद दोन बोटांच्या टोकानं ओढून घेतले. तोंडानं काही बोलला नाही. बोलला असता तर मीही बोललो असतो. सरकलेल्या खुर्चीला काय उत्तर देणार? काम झालं, घरी आलो, आणि जेवताना मंडळींना सांगितलं. ती ऐकत राहिली, भाकरी वाढत राहिली.

पुढच्या बाजारच्या दिवशी तिनं भाजीच्या पिशवीतनं एक बाटली काढली. पस्तीस रुपयांची. बांगड्यांच्या दुकानातच घेतलेली. मी म्हटलं, "हे काय आता?" तर म्हणाली, "अवो, लाज वाटती म्हणून लावू नका. पोळ्याला बैलाला झूल घालतोच की आपण. झुलीबिगर बैल काय कमी असतो का?"

तेव्हापासून मी लावतो. बाटल्या बदलल्या, कंपन्या बदलल्या. जी स्वस्त असेल आणि जिला लिंबाचा वास असेल ती घ्यायची, एवढंच धोरण.

बाटलीवर कोलोन लिहिलेलं असायचं. ते एका गावाचं नाव आहे हे मला फार उशिरा, नातीकडून कळलं. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी कोलोन शहर आहे. मूळच्या इटलीच्या फरिना घराण्यानं १७०९ साली तिथं दुकान मांडलं, आणि त्यांच्या सुगंधी पाण्याला त्या शहराचं नाव चिकटलं. ओ द कोलोन म्हणजे नुसतं कोलोनचं पाणी. हे ऐकल्यावर मला लहानपणचं कोलन वॉटर आठवलं. बऱ्या परिस्थितीतल्या घरांत ते फडताळात असायचं, सेंट म्हणून नव्हे, तापाचं औषध म्हणून. पाण्यात थोडं टाकून त्याच्या घड्या कपाळावर ठेवायच्या. त्यातलं स्पिरिट उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जातं, म्हणून गार वाटायचं. आता डॉक्टर लेकरांना स्पिरिट लावू देत नाहीत, कोमट पाण्यानं पुसा म्हणतात. पण आमच्या पिढीतल्या पुष्कळांना कोलोनचा वास आला की आधी ताप आठवतो आणि मग कपाळावरचा आईचा हात.

नातीनं आणखी एक सांगितलं. जुन्या रीतीच्या कोलोनमध्ये शंभरात दोन ते पाच भागच सुगंधी तेल असतं, बाकी स्पिरिट आणि पाणी. म्हणून ते स्वस्त, आणि म्हणूनच तास-दोन तासांत उडून जातं. आणि ते तेल कशाचं? लिंबाच्या, संत्र्याच्या, बर्गमॉट नावाच्या आंबट फळाच्या सालीचं, अन् कडू नारिंगाच्या फुलांचं. म्हणजे सगळा आमचाच गोतावळा! लहानपणी आम्ही दिव्याच्या वातीजवळ लिंबाची साल दाबायचो आणि तडतड ठिणग्या उडवायचो. ते उडतं ते हेच तेल. लिंबं तोडून आलेल्या बाईच्या हाताला संध्याकाळपर्यंत जो वास राहतो, तोच बाटलीत भरून मला पस्तीस रुपयांना परत विकला होता. त्याच आठवड्यात आमच्या गोणीला काय भाव मिळाला होता ते विचारू नका.

तीस वर्षांत मीही काही नियम बांधले. औषध मारून आल्यावर वास झाकायला सेंट लावायचं नाही. आधी कपडे बदलायचे, अंघोळ करायची, मगच. चुलीजवळ बाटली उघडायची नाही, स्पिरिट आहे ते. लिंबाचे काटे ओरबाडलेल्या हाताला लावायचं नाही, डोळ्यांतनं पाणी येतं. बहराच्या दिवसांत मधपेट्यांकडं लावून जायचं नाही, माश्या चवताळतात. धार काढायच्या आधी लावायचं नाही, गाय हुंगते आणि परका समजून पाय झाडते. आणि उन्हात जायचं असेल तर मानेला नाही, सदऱ्याला लावायचं. लिंबाचा रस अंगावर उडाला आणि ऊन लागलं की काळे डाग पडतात, हे तोडणीच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. बर्गमॉटच्या तेलाचीही तीच खोड आहे.

२०१९ साली मंडळींना कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. दर एकवीस दिवसांनी पहाटेच्या एसटीनं शहरात जायचं. दुसऱ्या डोसानंतर तिला कुठलाच वास सोसेना. फोडणी नको, उदबत्ती नको, अंगाचा साबण नको. तिसऱ्या वेळेला मी नेहमीसारखा तयार झालो, सदऱ्याला दोन थेंब लावले. तिनं पदर नाकाला लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. "अवो, ते नका लावू," एवढंच म्हणाली. जिनं ती बाटली घरात आणली, तिनंच.

मी सदरा बदलला. बाटली ट्रंकेत खाली घातली आणि वर गोधड्या रचल्या. मग आठ महिने धार काढून, हातपाय धुऊन, होतो तसाच शहरात जात राहिलो. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये लोक थोडे बाजूला व्हायचे. होऊ देत. एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. मी एकदा विचारलं, "वास येत नाही का गं माझा?" तर डोळे मिटूनच म्हणाली, "गोठ्याचा चालतो. तो घरचा हाय."

आणि तिच्या मुठीत एक हिरवं लिंबू असायचं. मळमळ सुटली की ती नखानं साल ओरखडायची आणि नाकाशी धरायची. त्या हंगामात लिंबाची तोडणीची मजुरीही निघत नव्हती, लोकांनी झाडाखाली सडे पडू दिले. मी मात्र रोज सकाळी बागेत जाऊन दोन-चार चांगली, डाग नसलेली, हाताला गार लागणारी लिंबं निवडून आणायचो. आयुष्यात हजारो गोण्या भरल्या, पण एवढ्या निगुतीनं लिंबू कधी तोडलं नव्हतं.

केमो संपली. हळूहळू तिच्या तोंडाला चव आली, मग डोक्यावर केस आले. एक दिवस गोधड्यांना ऊन द्यायला तिनं ट्रंक उपसली. मी परड्यातनं आलो तर बाटली खिडकीत ठेवलेली. त्यावर ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीत मीटिंग होती. निघताना मी दोन थेंब लावले आणि तिच्यासमोरनं जरा सावकाश गेलो. तिनं मान वर करून बघितलं आणि परत तांदूळ निवडायला लागली.

आता सहा महिन्यांनी तपासणी असते. त्या सकाळी मी आधी बाटली हातात घेतो आणि तिच्याकडं बघतो. तिनं मान हलवली तर लावतो, नाहीतर ठेवून देतो. परवाच्या तपासणीच्या आदल्या रात्री तिनं विचारलं, "किती उरलंय त्यात?" मी बाटली बल्बसमोर धरली. म्हटलं, "दोन महिने जाईल."

"मग बाजारातनं दुसरी आणा. दोन महिन्यांनी धाकट्याचं लग्न हाय," म्हणाली, आणि माझ्या सदऱ्याची घडी घालून पिशवीत ठेवली.