संगणक कुरकुरत होते तेव्हा

विंडोज ९८ च्या काळात संगणक आजारी पडायचा तो सांगून. मध्येच वीज गेली की पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा यायचा आणि डिस्क तपासणारी स्कॅनडिस्क चालू व्हायची. भारनियमनाच्या गावांत हे नेहमीचंच. ती पूर्ण होईपर्यंत सगळे मुकाट्याने बसून राहायचे.

माउसचं दुखणं तर हातालाच कळायचं. बाण अडखळायला लागला की माउस उलटा करायचा, खालची गोल चकती फिरवायची आणि रबरी गोळी तळहातावर घ्यायची. आतल्या बारक्या रुळांवर मळाचं काळं कडं बसलेलं असे. नखाने खरवडलं की ते अख्खंच्या अख्खं निघून यायचं. संगणक सुरूच न होता नुसता बीप-बीप करू लागला, तर रॅम काढून तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबराने पुसायची आणि खट्‌कन परत बसवायची. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. तारीख भलतंच जुनं साल दाखवू लागली, की मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपत आलाय हे क्लासमधली पोरंही ओळखायची. हार्ड डिस्क टक्-टक् वाजू लागली, की हातातलं काम सोडून आधी फायली सीडीवर उतरवल्या जायच्या.

आता हे आवाजच गेले. हार्ड डिस्कच्या जागी आलेल्या एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे ती वाजत नाही. कित्येकदा काल चालत होती आणि आज दिसतच नाही, एवढंच कळतं. अनेक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, खोडरबर चालवायला जागाच नाही. अपडेटची सूचना कोपऱ्यात येते आणि आपण ‘नंतर’ दाबतो. दुखणं अंगावर काढायची ही सवय मला फार घातक वाटते. २०१७ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक फट बुजवणारं अपडेट दिलं होतं. मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस त्याच फटीतून जगभर पसरला. जूनमध्ये तीच फट वापरणारा नॉटपेट्या आला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज कोलमडलं. इलाज तीन महिने हाताशी होता.

वेबसाइटचंही तेच. पूर्वी नोटपॅडमध्ये हाताने लिहिलेली पानं असत; लिहिणारा स्वतः प्रत्येक दुवा दाबून बघायचा, फॉन्ट न दिसल्याची वाचकाची तक्रार आली तर त्याच रात्री दुरुस्ती करायचा. आता साइट एकदा उभी करून दिली की वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी फिरकत नाही. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सुरक्षा प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. त्याचं आपोआप होणारं नूतनीकरण कुठेतरी अडलं, तर एके सकाळी चांगल्या चालत्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा झळकतो आणि ग्राहक दारातूनच परततो.

त्या मंद यंत्रांवर माझं प्रेम आहे, पण ती परत यावीत असं नाही. त्यांच्यामुळे आपल्याला जी लक्ष द्यायची सवय लागली होती, ती मात्र परत यायला हवी. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्या दुकानात, शाळेत किंवा पतसंस्थेत ते अजून चालत असेल, तर या आठवड्यात सोय लावा. साइट असेल तर डोमेनची मुदत कधी संपते तेही आजच बघून घ्या.