यंत्राचे शुद्धिपत्र

ग्रंथ छापून झाल्यावर त्यात राहिलेल्या चुकांची यादी अखेरीस जोडण्याची प्रथा मराठी मुद्रणात दीर्घकाळ होती. शुद्धिपत्र ही ग्रंथकर्त्याची आणि मुद्रकाची कबुली असे. वाचकाने आधी पेन्सिलीने दुरुस्त्या करून घ्याव्यात आणि मग वाचनाला आरंभ करावा, अशी तीमागे अपेक्षा असे. नवा लॅपटॉप मात्र शुद्धिपत्राविना हाती येतो. त्याच्या खोक्यात हमीपत्राची घडी असते, अनेक भाषांतल्या सुरक्षासूचना असतात, वीजजोडणीचा चार्जर असतो. चुकांची यादी नसते. ती शोधण्याचे काम मालकावर सोपवलेले असते, आणि पहिल्या महिन्यात मालक नकळत जे करीत असतो, ते शुद्धिपत्र तयार करण्याचेच काम होय.

कार्यालयीन कामासाठी बनवल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या बाबतीत हे काम अधिक गुंतागुंतीचे होते. घरगुती यंत्र ज्याच्या पैशाने येते, बहुधा त्याच्याच मेजावर बसते. कार्यालयीन यंत्राला मात्र तीन मालक असतात. दरपत्रके मागवून खरेदीचा निर्णय घेणारी समिती हा पहिला. जडसंग्रहाच्या नोंदवहीत त्याला अनुक्रमांक देणारा भांडारपाल हा दुसरा. आणि पुढची चार-पाच वर्षे ज्याची बोटे त्याच्या कळांवर फिरणार, तो लेखनिक, प्राध्यापक किंवा संपादक हा तिसरा. पहिल्याला यंत्राची किंमत ठाऊक असते, दुसऱ्याला क्रमांक आणि तिसऱ्याला स्वभाव. पण यंत्राच्या अंतर्गत मांडणीत बदल करण्यासाठी लागणारा परवलीचा शब्द बहुधा चौथ्याच कोणाकडे, म्हणजे संस्थेच्या संगणक विभागाकडे असतो. ज्याला दोष दिसतो त्याला तो दूर करण्याचा अधिकार नसतो, आणि ज्याला अधिकार असतो त्याला तो दिसत नाही. अशा यंत्राविषयीची पहिली तक्रार म्हणूनच अर्जाच्या रूपाने जन्माला येते.

या वर्गातील यंत्रांचा विचार करताना थिंकपॅडचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. कारण एकाच नावाखाली, एकाच काळ्या रंगात ते तीन दशकांहून अधिक काळ चालत आले आहे. ५ ऑक्टोबर १९९२ रोजी आय.बी.एम.ने ७००सी हे यंत्र बाजारात आणले. त्याचा रंगीत पडदा १०.४ इंचांचा होता. त्याच्या रूपाचे श्रेय मिलान येथे काम करणारे जर्मन अभिकल्पक रिचर्ड सॅपर यांना दिले जाते, तर त्याची तांत्रिक घडण जपानमधील यामातो येथील प्रयोगशाळेत आरिमासा नाइतो यांच्या नेतृत्वाखाली झाली. सॅपर यांच्यासमोर जपानी जेवणाच्या काळ्या, लाखेच्या डब्याची प्रतिमा होती. बाहेरून साधा आणि चौकोनी. उघडल्यावर आत नीटनेटके कप्पे. या काळ्या पटावर ठसा उमटवणारी एकच गोष्ट होती. कळांच्या मधोमध बसवलेला लाल ठिपका. पडद्यावरचा बाण हलवण्यासाठी हात कळांवरून उचलावा लागू नये, या विचारातून टेड सेल्कर यांनी ही लहानशी काडी सिद्ध केली होती. २००५ साली आय.बी.एम.चा हा व्यवसाय लेनोवो या चिनी कंपनीकडे गेला. रंग आणि ठिपका मात्र राहिले.

अशा यंत्राविषयीचे पहिले मत क्वचितच प्रेमाचे असते. चकाकणाऱ्या, धातूच्या पातळ यंत्रांची सवय झालेल्या डोळ्याला हा काळा डबा जुनाट वाटतो. लाल ठिपका मागच्या युगातील अवशेष भासतो. पहिल्या दिवशी मालक पडदा उघडतो, मिटतो, बिजागरी किती ताठ आहे ते पाहतो, कळ दाबल्यावर ती किती खोल जाते आणि कशी परतते हे अजमावतो. संशयी मालक पडदा पूर्ण काळा करून एखादा बिंदू अखंड पेटलेला तर नाही ना, कोपऱ्यांतून उजेड झिरपत नाही ना, हे अंधारात निरखतो. ही तपासणी सोयरीक जुळवताना होणाऱ्या तपासणीसारखी असते. तिच्यातून दोष सापडतात, स्वभाव कळत नाही.

स्वभाव कळतो तो दुसऱ्या आठवड्यात. डाव्या हाताने नेहमीच्या सवयीने मजकुराची प्रत घ्यावी, तर काहीच घडत नाही. थिंकपॅडच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे ‘कंट्रोल’ऐवजी ‘एफएन’ ही कळ होती, आणि नव्या मालकाची करंगळी पहिले काही दिवस तिच्यावरच आदळत असे. मग एखाद्या संध्याकाळी पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता एका बाजूला सरकू लागतो. मालक घाबरतो, विषाणूची शंका घेतो. पुस्तिकेत त्यावरचा उपाय एका वाक्यात दिलेला असतो. काही क्षण ठिपक्यावरून बोट काढून घ्यावे, बाण आपोआप थांबेल. बोटाचा दाब मोजणारी ती काडी अधूनमधून आपला शून्यबिंदू नव्याने ठरवीत असते. काहीही न करणे हा उपाय असू शकतो, हे स्वीकारायला मात्र मालकाला बराच वेळ लागतो.

निद्रेचा प्रश्न याहून कठीण आहे. भारतीय तत्त्वविचाराने जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती अशा अवस्था वेगळ्या केल्या. पूर्वीच्या लॅपटॉपना जागृती आणि सुषुप्ती या दोनच प्रमुख अवस्था ठाऊक होत्या. झाकण मिटले की स्मृतीपुरती वीज चालू राही आणि बाकी सर्व निजे. अलीकडच्या बहुतेक यंत्रांना मोबाईल फोनप्रमाणे झोपेतही संदेश घेता यावेत, अशी योजना करण्यात आली. परिणामी झाकण मिटलेले यंत्र स्वप्नावस्थेत राहते. कोठली तरी अद्ययावत प्रणाली उतरवून घेते, पंखा फिरवते, आणि पिशवीत कोंडल्यामुळे तापते. सकाळी मालक पिशवी उघडतो तेव्हा यंत्र गरम असते आणि बॅटरी रिकामी. बॅटरी सदोष आहे असा तर्क तो करतो. खरा दोष झोपेत असतो. प्रवासाला निघताना यंत्र पूर्ण बंद करणे किंवा त्याला ‘हायबरनेट’ या दीर्घनिद्रेत पाठवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. बॅटरीविषयीही जुने संस्कार असेच आड येतात. ती पूर्ण रिकामी करून मगच भरावी, हा नियम निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेले राहणे या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत. मेजावर कायम विजेला जोडून ठेवायच्या यंत्राची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधून ठेवण्याची सोय म्हणूनच दिलेली असते.

दोषशोधनाची ही रीत साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटू नये. पाठचिकित्सक जसा एका वेळी एकाच पाठभेदाचा विचार करतो, तसेच येथेही एका वेळी एकच बदल करायचा असतो. बाह्य उपकरणे काढून पाहावीत. मग वीज तोडून, चालू-बंदची कळ काही वेळ दाबून धरून उरलीसुरली वीज जिरू द्यावी. मग स्मृतिपट्टी काढून पुन्हा नीट बसवावी. त्यानंतरच प्रणालीकडे वळावे. एकाच वेळी तीन बदल करणाऱ्याचे यंत्र कदाचित सुरू होते, पण ते कशामुळे सुरू झाले हे त्याला कधीच कळत नाही. त्याच्या हाती दुरुस्ती येते, ज्ञान येत नाही. ‘यंत्र चालत नाही’ हे वाक्य आणि ‘झाकण मिटल्यानंतर रात्रभरात बॅटरी रिकामी होते, यंत्र पूर्ण बंद केल्यास होत नाही’ हे वाक्य, यांत हाच फरक आहे. पहिल्यात वैताग आहे, दुसऱ्यात निदान आहे.

नेमक्या तक्रारींचा परिणाम होतो, याचा पुरावा या यंत्राच्या आवृत्त्यांतच मिळतो. २०१३ साली टी४४० आणि त्याच्या भावंडांत लाल ठिपक्याच्या खालच्या स्वतंत्र कळा काढून टाकण्यात आल्या आणि त्यांचे काम खालच्या स्पर्शपट्टीलाच सांगण्यात आले. जुन्या मालकांना ते रुचले नाही; बोटाला कळ कोठे आहे हे न पाहता कळेना. २०१५ च्या टी४५० मध्ये कळा परत आल्या. २०१४ च्या एक्स१ कार्बनमध्ये वरच्या ओळीतील खऱ्या कळांच्या जागी बदलत्या चिन्हांची प्रकाशपट्टी बसवण्यात आली; पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत ती नाहीशी झाली. २०२४ पासूनच्या नव्या यंत्रांत कोपऱ्यातील त्या दोन कळांनीही आपापल्या जागा बदलल्या. ज्यांची करंगळी अनेक वर्षांत जुन्या क्रमाला सरावली होती, त्यांच्या लेखी ही दुरुस्तीच नवी चूक ठरली असणार. शुद्धिपत्रालाही शुद्धिपत्र लागते, ते असे.

मराठीत लिहिणाऱ्या मालकाला यापलीकडे आणखी एका शुद्धिपत्राला हात घालावा लागतो. त्याच्या नव्या यंत्राच्या कळांवर बहुधा रोमन अक्षरेच छापलेली असतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली इनस्क्रिप्ट ही रचना प्रमाण ठरवली. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. ही मांडणी वर्णमालेच्या शास्त्राला धरून आहे. परंतु ती यंत्रावर दिसत नाही, बोटांतच असावी लागते. मांडणी साधली की जुने लेखन उघडण्याचा प्रसंग येतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वी विशिष्ट टंकांत बांधलेले हस्तलिखित नव्या यंत्रावर उघडले, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन सडा पडतो. कादंबरी नष्ट झालेली नसते. तिची किल्ली हरवलेली असते. तो टंक नव्या यंत्रावर बसवणे किंवा रूपांतरकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणणे, हाच उपाय. त्यानंतरही ओळीगणिक पडताळणी चुकत नाही.

मग अक्षरांचे बारकावे समोर येतात. आचार्याला दिलेली दक्षिणा आणि आचाऱ्याला दिलेली मजुरी यांत मराठी जो भेद करते, तो रफार आणि चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ यांच्यावर अवलंबून आहे. हा अर्धा ‘र’ कसा उमटवायचा हे नव्या मालकाला कोणतीही हमीपत्रिका सांगत नाही. नुक्ता असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त जोडावा, तेव्हा तो उमटतो. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे अनेक टंकांत हिंदीच्या वळणाने येतात. मजकूर आपला आणि चेहरा परका, असा अनुभव तेथे येतो. सर्वांत बोलका इतिहास ‘ॲ’ या अक्षराचा आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, पण ‘ए’ वर चंद्र असलेले रूपच तेथे होते. मराठीला हवा असलेला ‘अ’ वरचा चंद्र स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत दाखल झाला. तोवर ‘अ’ ला चंद्र वेगळा जोडावा लागे, आणि अनेक यंत्रांवर मध्येच ठिपक्यांचे एक वर्तुळ उभे राही. ‘ॲसिड’ लिहू पाहणाऱ्याला ते वर्तुळ म्हणजे यंत्राचा बिघाड वाटे. प्रत्यक्षात ती प्रमाणातलीच उणीव होती. तिच्याकडे नेमके बोट दाखवल्याखेरीज ती कधीच भरून निघाली नसती. जी भाषा आपली तक्रार अशी नेमकी मांडत नाही, ती पुढच्या आवृत्तीतही तशीच चुकीची छापली जाते.

तक्रार करण्याइतकाच यंत्र उघडण्याचा अधिकारही महत्त्वाचा आहे. थिंकपॅडची देखभाल-पुस्तिका कंपनी सर्वांसाठी खुली ठेवत आली आहे. कोणता भाग कोणत्या क्रमाने काढावा, कोणता स्क्रू किती लांबीचा, हे तिच्यात दिलेले असते. कार्यालयांतून निवृत्त झालेली ही यंत्रे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये पुन्हा विक्रीला उभी राहतात, ती या पुस्तिकेच्या आणि तिथल्या कारागिरांच्या आधारावर. स्मृतिपट्टी वाढवून, नवी बॅटरी घालून एखादा विद्यार्थी त्यांच्यावर आपला प्रबंध लिहितो. कोणत्या कळा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, यावरून पहिल्या मालकाच्या कामाचा अंदाजही त्याला येतो. मात्र २०१२ च्या पहिल्या एक्स१ कार्बनपासून या मालिकेतील सडपातळ यंत्रांत स्मृती मुख्य फलकावरच डाखलेली येऊ लागली. ती वाढवता येत नाही. बिघडली तर फलकच बदलावा लागतो. सडपातळपणाची किंमत दुसऱ्या मालकाने मोजायची, असा हा व्यवहार आहे. याउलट वाहणारा प्रवाहही दिसतो. २०२४ च्या टी१४ या यंत्राला आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संस्थेने सुलभतेसाठी दहापैकी नऊ गुण दिले. भारतात केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले.

तेव्हा पावतीवरचे नाव आणि जडसंग्रहातला क्रमांक यांनी मालकी नोंदवली जाते, एवढेच म्हणता येते. ती सिद्ध होते ती पहिला दोष ओळखला जातो, नेमक्या शब्दांत मांडला जातो आणि शक्य तेवढा स्वहस्ते दूर केला जातो तेव्हा. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला तो पिवळा कागद वाचकाला पेन्सिल हाती घ्यायला सांगे. यंत्राच्या मालकाला पेचकस हाती घेण्याची मुभा असावी, आणि त्याच्या भाषेला तक्रार मांडण्याची. या दोन गोष्टी शाबूत असतील, तर पुढची आवृत्ती अधिक शुद्ध निघण्याची आशा बाळगता येते.