पुणे ते सावंतवाडी, मार्गे आंबोली

आमच्या घरी प्रवासाला निघण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करून घेतात. गॅस बंद आहे, नळ बंद आहेत, आणि गाडीतला किलोमीटरचा आकडा शून्यावर आणला आहे. पहिल्या दोन गोष्टी सौ. पाहते. तिसरी माझ्याकडे. २०२५ च्या मे महिन्यात, १७ तारखेच्या पहाटे आम्ही सावंतवाडीला निघालो तेव्हा कोपऱ्यावरच्या पंपावर टाकी भरून घेतली आणि मी आकडा शून्यावर आणला. "झालं का गंध लावून?" असे सौ.ने विचारले. मी उत्तर दिले नाही.

कारण या खेपेला माझ्या मनात एक गोष्ट फार दिवस सलत होती. सावंतवाडीला आई एकटी राहते. वय ७६. गाडी घेतली त्या दिवशी मी तिला फोनवर सांगितले होते, "आता दर महिन्याला येईन." मराठीचा प्राध्यापक असलो तरी हे बोलण्यापूर्वी मी हिशेब केला होता. जाऊन येऊन, इकडेतिकडे फिरणे धरून, ८०० किलोमीटर. गाडीच्या कागदावर लिटरला १८ किलोमीटर आणि वर थोडे असा आकडा होता. म्हणजे साडेचव्वेचाळीस लिटर. पुण्यात पेट्रोल शंभराच्या वर चार रुपये. बसले गणित!

गाडीने मात्र ते मानले नाही. शहरात ती ११ वर आली, हमरस्त्यावर १३ वर. खेपेमागे पावणेदोन हजार रुपये जास्त जाऊ लागले. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, कन्येची शाळा. दर महिन्याचे दोन महिन्यांनी झाले, दोनाचे चार. आई काही म्हणाली नाही. तिला एस्.टी.ने पुण्याला यावे म्हटले तर आंबोलीच्या वळणांवर तिला गाडी लागते. मागे दोनदा ती कोल्हापूरपर्यंत अर्धमेली झाली होती. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि पुण्याच्या डॉक्टरांनी तारीख दिली होती. तिला आणायलाच आम्ही निघालो होतो.

आमची गाडी चार मीटरच्या आतली. इंजिन एक लिटरलाही थोडे कमी, तीन सिलिंडरचे, आणि त्याला टर्बो. अशा गाड्या आपल्याकडे रस्तोरस्ती दिसू लागल्या त्याचे एक कारण आपल्या करपद्धतीत आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन १२०० घन सेंटीमीटरच्या आत. त्यात बसणाऱ्या गाडीला कर कमी. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ही रेघ राहिली. गिऱ्हाइकाला तर जोर मोठ्या गाडीचा हवा. मग लहान इंजिनाने मोठा जोर आणायचा कोठून?

याचे उत्तर आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस एंजिनिअरने १९०५ सालीच पेटंट घेऊन ठेवले होते. लोहाराचा भाता आठवा. फुंकर वाढली की कोळसा फुलतो. टर्बो हा तसलाच भाता, फक्त तो ओढायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. मोठी डिझेल इंजिने या युक्तीवर फार पूर्वीपासून चालत आली; आता ती आमच्या बिऱ्हाडात आली आहे.

यातली मेख अशी की एकाच झाकणाखाली दोन इंजिने नांदतात. पाय हलका असेल तर भाता जवळजवळ स्वस्थ असतो आणि एक लिटरचे गरीब इंजिन चालते. पाय दाबला की भाता घुमतो आणि दीड-पावणेदोन लिटरच्या इंजिनासारखे ते खाऊ लागते. त्यातून फार ताण पडला तर आतली उष्णता आवरण्यासाठी अशी पुष्कळ इंजिने गरजेहून जास्त पेट्रोल आत सोडतात. जळण्यासाठी नव्हे, थंड करण्यासाठी! हे मला कळले तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

कात्रजचा बोगदा ओलांडला, उजाडले, रस्ता मोकळा मिळाला, आणि माझ्यातला सभ्य गृहस्थ मागे राहिला. एक आराम बस पुढे होती. तिला मागे टाकले. मग एक मालमोटार, तिलाही. पुढे बसलेल्या कन्येला मी मीटर वाचायचे काम दिले होते. "बाबा, आता ९. आता ७. आता साडेपाच." खंबाटकीचा घाट पुण्याहून जाताना चढावा लागला, तिथे तिने "चार!" असे इतक्या आनंदाने सांगितले की जणू परीक्षेत चौथी आली आहे. सौ. मागून म्हणाली, "अहो, ऑपरेशन सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी आहे."

आपण "गाडी अॅव्हरेज किती देते?" असे विचारतो. मला या वाक्यातला कर्ता नेहमी गमतीचा वाटत आला आहे. देते ती गाडी. चालवणारा वाक्यात कोठेच नाही. सातारा मागे पडेपर्यंत मी काटा शंभर ते एकशे दहाच्या दरम्यान ठेवला होता, आणि ८० ऐवजी ११० ने जाताना हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो, हे मला चांगले ठाऊक होते. ठाऊक असून पाय उचलत नव्हतो. अशा वेळी कर्मणी प्रयोग बरा पडतो: पेट्रोल जळले.

कराडला रस्तारुंदीकरणाने वाहतूक तुंबलेली. पाऊण तास आम्ही वातानुकूलन चालू ठेवून कृष्णेच्या काठी जवळजवळ उभे होतो. दोन्ही बाजूंना ऊस. या मुलखातल्या उसाचाही आमच्या हिशेबात वाटा आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉल आले. आणि इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या लिटराहून सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे मिसळलेल्या लिटरात सहा-सात टक्के कमी. बाहेरून तेल कमी आणावे लागते, शेतकऱ्याच्या उसाला गिऱ्हाईक मिळते, हे सारे खरे. पण मीटर देशाचा विचार करत नाही.

संकेश्वरला मोठा रस्ता सोडला आणि जीव थाऱ्यावर आला. गडहिंग्लज, आजरा, मग आंबोली. हा सारा रस्ता हिरण्यकेशीच्या उगमाकडे जातो. नदी पूर्वेला वाहत येते आणि आपण तिच्या उलट, नकळत चढत जातो. आजऱ्यापुढे हवा बदलली, काजूच्या बागा लागल्या, झाडी दाट झाली. आंबोलीत ढग रस्त्यावर उतरले होते. पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन दोघी बायका बसल्या होत्या. आम्ही दोन द्रोण घेतले. मग घाट उतरताना गंमत झाली. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढून घेतला की या इंजिनांत पेट्रोलची धार अजिबात बंद होते; चाकेच इंजिनाला फिरवतात. कन्या ओरडली, "बाबा, नव्याण्णव!" दाणोलीपर्यंत ती नव्याण्णवच म्हणत होती. (उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारी मंडळी अजून आहेत. त्यात वाचत काही नाही, उलट इंजिनाचा रोध जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो. घाटात हा खेळ करू नये.)

सावंतवाडीत शिरताना मोती तलावाच्या पलीकडच्या पंपावर पुन्हा टाकी भरली. ३८२ किलोमीटर, २८.४ लिटर. गाडीचा मीटर १४.६ दाखवत होता. कागदावरचा भागाकार १३.४ आला. मीटर थोडे गोड बोलतो, हा माझा अनुभव आहे.

घरी पोचल्यावर आईने दार उघडले आणि माझ्या खांद्याच्या बाजूला पाहून हसली. तिला चेहरा नीट दिसत नव्हता हे मला त्या वेळी समजले. चार महिने मी फोनवर नुसता आवाज ऐकत होतो, आणि आवाज खणखणीत होता. रात्री जेवताना मी पेट्रोलची रड सांगू लागलो. ती म्हणाली, "म्हणान येवक नाय होय तू?" मी हो म्हणालो. तसे ते खरेही होते आणि नव्हतेही. पावणेदोन हजार कोठूनही निघाले असते. आकडा मला सोयीचा पडला होता.

त्या आठवड्यात फडताळात वडिलांची वही सापडली. वडील शाळामास्तर. त्यांच्याकडे स्कूटर होती आणि ते प्रत्येक वेळी पेट्रोल भरले की तारीख, किलोमीटर, लिटर लिहीत. समासात बारीक शेरे: "वारा समोरून", "मागे दोन पोती", "चाकांत हवा कमी होती". एका ठिकाणी नुसते, "घाई." वही मी उशाशी घेऊन झोपलो.

१८ चा आकडा खोटा नसतो, हेही इथे सांगायला हवे. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय संस्थेचे पुण्यातले ठाणे वेताळ टेकडीवर आहे. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात मी रोज फिरायला जातो. अशा प्रयोगशाळेत गाडी रुळांवर उभी करतात आणि ठरलेल्या बेताने चालवतात: ११८० सेकंद, साडेदहा किलोमीटरांहून थोडे जास्त, कमाल वेग ९०, आणि सरासरी ताशी तेहतिसाच्याही आत. वातानुकूलन बंद. वारा नाही, कराड नाही, पुढे आराम बस नाही. दोन गाड्यांची तुलना करायला ही रीत योग्यच आहे. तो आकडा मी वचन म्हणून घेतला, हा दोष माझा.

२४ मेला आम्ही परत निघालो. पाऊस त्या वर्षी लवकर आला. मोसमी पाऊस दक्षिण कोकणात पोचल्याचे हवामान खात्याने दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. आई पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी, मुठीत आवळासुपारी. निघताना म्हणाली, "वाईच हळू चलय. माका गाडी लागता." दाणोली सोडली नि घाट लागला. पावसाने रस्ता काळा झाला होता. मी एकदा सवयीने पाय दाबला. गाडीने उसळी घेतली आणि आईने डोळे मिटून दाराची कडी धरली. "घाट काय पळान जातलो?"

मग मी पाय काढला. तिसऱ्या गिअरमध्ये, भात्याला फारसे न उठवता, वळण घेताना ब्रेक न लावता वर चढू लागलो. माणसे आणि सामान धरून चौदाशे-साडेचौदाशे किलोंचे ओझे सुमारे सहाशे मीटर वर न्यायचे म्हणजे नुसत्या त्या उंचीलाच जवळजवळ एक लिटर पेट्रोल लागते. ते कोणी चुकवू शकत नाही. पण त्यावर चढणारे व्याज तेवढे चुकवता येते. खिडकी दोन बोटे उघडी, वातानुकूलन बंद, कारण आईला तो वास सोसत नाही. धबधब्यापाशी थांबलो. ती खाली उतरली, पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिली. तिला गाडी लागली नव्हती.

पुढे सारा रस्ता मी सहाव्या गिअरमध्ये ७५-८० ने आलो. मालमोटारी मला ओलांडून गेल्या. आराम बसही गेली; बहुधा तीच. कन्या कंटाळून झोपली. आई बोलत होती. वडिलांची बदली, वेंगुर्ल्याची खोली, माझा जन्म, एका पावसाळ्यात स्कूटर ओहोळात अडकली ती गोष्ट. यातले निम्मे मी कधी ऐकले नव्हते. निपाणीत चहा झाला, कराडला पुन्हा अर्धा तास गेला. खंबाटकीला येताना बोगदा लागतो, त्यामुळे तो चढ वाचला. पुण्यात पोचायला जातानापेक्षा सव्वा तास जास्त लागला.

कोपऱ्यावरच्या त्याच पंपावर, त्याच नळीने, पहिल्या खटक्यापर्यंत टाकी भरली. ३७९ किलोमीटर. २२.४ लिटर. मी मोबाईलवर भागाकार केला. सावंतवाडी समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आणि पुणे साडेपाचशे मीटरांवर. येताना माणूस एक जास्त, शिवाय फणस दोन. तरीही लिटरमागे साडेतीन किलोमीटर जास्त.

"किती दिल्यान?" आईने विचारले.

"सोळा पूर्णांक नऊ."

तिने पिशवीतून वडिलांची वही काढली. ती बरोबर आणली आहे हे मला माहीत नव्हते. पंपाच्या दिव्याखाली, वही डोळ्यांशी नेऊन, तिने शेवटच्या लिहिलेल्या ओळीखाली तारीख घातली, मग किलोमीटर आणि लिटर मला विचारून लिहिले. ओळ थोडी तिरकी गेली. अॅव्हरेजच्या रकान्यात टिंब द्यायचे राहून गेले, आणि तिथे १६९ असा आकडा झाला.

मी तो तसाच ठेवला आहे.