माथेरानचे व्हरांडे

कर्जत तालुक्याच्या नकाशात माथेरान एवढंसं दिसतं. पण दस्तुरी नाक्याला गाडी सोडून लाल मातीच्या वाटेला लागलं, की गाव कुठे आहे तेच आधी कळत नाही. झाडं दिसतात, त्यांच्या आड कुठेतरी कौलांची एक उतरती कड दिसते, आणि तोच बंगला असतो.

१८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट खालापूरकडच्या चौकहून हा डोंगर चढला. ठाकूर, कातकरी आणि धनगरांच्या पायवाटा इथे त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. मॅलेटच्या मागोमाग साहेब लोकांची घरं उठली. त्यांपैकी १८५२च्या सुमाराचं, कॅप्टन बारचं बार हाउस मला फार मोलाचं वाटतं. पुढे निमराणा समूहाने तिथे हॉटेल चालवलं आणि त्याला नाव दिलं 'व्हरांडा इन द फॉरेस्ट'. नाव अगदी योग्य होतं, कारण या घराचा जीव खोल्यांत नाही, व्हरांड्यात आहे.

नेरळहून वर येणारी छोटी गाडी १९०७मध्ये सुरू झाली, आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीवर. त्याआधीची पन्नासेक वर्षं प्रत्येक तुळई, प्रत्येक कौल माणसाच्या डोक्यावरून नाहीतर घोड्याच्या पाठीवरून आलं. मंगलोरी कौलांचा कारखानाच मुळी १८६५चा, म्हणजे सुरुवातीच्या घरांवर आजचं लाल छप्पर नव्हतं. जांभा मात्र डोंगरातच होता. जांभ्याचा दगड सच्छिद्र; पावसात भिजला की लवकर वाळत नाही. म्हणून भिंतीच्या बरंच पुढे छप्पर खाली उतरवायचं, खांबांवर टेकवायचं, झडीला भिंतीपासून लांब अडवायचं. उन्हाळ्यात त्याच छपराखाली सावली आणि वारा. आपल्या कोकणी ओसरीला हे गणित आधीपासून ठाऊक होतं. साहेबाने ते मोठ्या मापाने घेतलं, आणि पुढे पारशी, बोहरी, खोजा कुटुंबांनी हे बंगले विकत घेऊन, राहून, सांभाळून टिकवले.

कुटुंबं पांगली, तेव्हा घरं हॉटेलांच्या हाती आली. हॉटेल झालं नसतं तर यांतल्या कितीतरी बंगल्यांची छपरं कधीच खाली आली असती, हे मान्यच करायला हवं. पण खोल्यांवर कमाई मोजणाऱ्याला व्हरांडा रिकामी जागा वाटतो. मग काच बसते, प्लायवूड येतं, दोन खोल्या वाढतात, आणि घराचा श्वास कोंडतो. जांभ्याच्या भिंतीला वारा मिळत नाही, ओल आत मुरते. ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झालं, तेव्हा झाडांबरोबर इथल्या जुन्या वास्तूंचाही विचार झाला. तरी कायद्याला दर्शनी भिंत दिसते; तिच्यापुढची मोकळी, सावलीची जागा वाचवणं मालकाच्या आणि पाहुण्याच्या हाती आहे.

पाहुण्यालाही निवड करता येते. माथेरानला राहायला जाल, तेव्हा टीव्ही आणि एसी विचारण्याआधी एवढंच विचारा: जुना व्हरांडा उघडा आहे का? असेल तिथेच खोली घ्या. आणि नसेल, तर न राहण्याचं कारणही मालकाला सांगा.