कोणाचीही पट्टी

पेटीवाला म्हणून मला दोन ठिकाणी ओळखतात आणि दोन्हीकडची इज्जत वेगळी आहे. ख्यालाच्या मैफलीत मी गायकाच्या डाव्या हाताला बसतो, त्याची जागा झाली की मागोमाग ती पुसटशी उमटवतो, आणि हात जरा सैल सुटला की बुवा मान वळवून बघतात. कोकणातल्या भजनाच्या डबलबारीत मात्र पेटीवर खुद्द बुवाच. समोर दुसरा बुवा, दुसरी पेटी, पखवाज, झांजा, आणि पहाटेपर्यंत माणसे उठत नाहीत. मला दोन्ही प्रिय. पण गाणे समाजात नेमके काय करते हे कळायला मैफलीचा मला फारसा उपयोग झाला नाही. ते कळले भजनाच्या पेटीमुळे.

आपल्याकडे वाद्यांना जात होती. संबळ गोंधळ्यांचा, मृदंग गुरवांचा, ढोलकी तमाशातली म्हणून घरात नको, हलगी तर गावकुसाबाहेरच्यांच्या माथीच मारलेली. कातडे कमवायचे कोणी, वाद्य मढवायचे कोणी आणि देवापुढे वाजवायचे कोणी, हे वाजवणारा जन्माला येण्याआधीच ठरलेले असे. या सगळ्यात पेटी आली ती परकी म्हणून. 1840 च्या सुमारास पॅरिसच्या देबँने तिला आकार दिला, मिशनऱ्यांनी ती इकडे आणली, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून मागे हाताचा बसवला. झाले, पेटी जमिनीवर आली. मांडी घालून बसणाऱ्या कोणालाही ती वाजवता येऊ लागली. तिच्यावर कोणाचा पिढीजात हक्क नव्हता, म्हणून तिला जातीचा अटकावही झाला नाही. संगीत नाटकात शिरली, कीर्तनात, कव्वालीत, आंबेडकरी जलशात, शाहिरांच्या कलापथकात शिरली. गोविंदराव टेंबे हे पेटीवाले. 1911 च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या. म्हणजे पेटी साथीला बसली होती तशी चाली बांधायलाही बसली होती.

जाणकारांना ती कधीच आवडली नाही. रवींद्रनाथांनाही ती नको होती. 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काही हटली नाही. या सगळ्या काळात चाळीचाळीत आणि देवळादेवळात ती वाजतच होती, हा भाग वेगळा.

आक्षेप मात्र खोटे नव्हते. पेटीवर मींड निघत नाही. दरबारीचा गंधार आंदोलत नाही, तो नुसता उभा राहतो. शिवाय तिचे सूर मुळातच थोडे थोडे हललेले. 240 कंपनांचा षड्ज धरला तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा गंधार 300 चा. पेटीचा गंधार 302 च्याही थोडा वर. दोन्ही एकदम वाजले की सुरात सेकंदाला दोन-अडीच हेलकावे येतात, तयार कानाला ते टोचतात. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली ती याच त्रासापायी. कल्पना थोर, पण भजनी मंडळात बावीस श्रुती कोण सांभाळणार?

आता या दोषाची दुसरी बाजू. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे षड्ज सोडून प्रत्येक सूर थोडा चुकतो खरा, पण सगळीकडे सारखाच चुकतो. त्यामुळे षड्ज कुठेही धरता येतो. लालबागच्या चाळीत आमच्या मंडळात एक कंडक्टर काका होते. दिवसभर गर्दीत ओरडून आवाज बसलेला. अभंग धरायचे ते नेहमी झेपणार नाही इतक्या वर. अंतऱ्यात आवाज फाटला की मी पुढच्या पाळीला न सांगता दोन पट्ट्या खाली यायचो. काकांना वाटे आज गळा लागला. त्यांच्यामागून बायका काळी चारमध्ये म्हणायच्या, तीच पेटी, तेच बोट, फक्त जागा बदलायची. सारंगीला असा षड्ज हलवायचा तर तरफा नव्याने लावत बसावे लागते. ‘मला गाता येत नाही’ म्हणणारी निम्मी माणसे भलत्या पट्टीत सापडलेली असतात. पट्टी सापडली की तीच माणसे टाळ मागून घेतात आणि पुढच्या गुरुवारी शेजाऱ्याला घेऊन येतात. एरवी नळावर भांडणारी ही माणसे.

हल्ली पेट्या दुरुस्तीलाही माझ्याकडेच येतात. सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाला घासली की चढते, बुडाशी घासली की उतरते. कानशीचे दोन हात जास्त पडले तर सूर गेला, नवा शोधा. मैफलीचे गायक सांगतात, माझा षड्ज पांढरी एक, त्याला धरून गंधार उतरवून द्या, धैवतही. मी देतो. पेटी तंबोऱ्यात अशी मिसळते की वेगळी काढता येऊ नये. पण त्याच पेटीवर पांढरी दोनचा षड्ज धरून बघा, कानात बोटे घालाल. ती पेटी मग एकट्या त्या गायकाची झाली.

मंडळांच्या पेट्यांना मी हे करत नाही. परवा एका होतकरू बुवाने ऐकून-वाचून आग्रह धरला, आमचीही श्रुतीत लावून द्या. मी विचारले, तुमच्यानंतर गजर कोण धरतं? म्हणाले, सांगता येत नाही, ज्याला वाटेल तो. मग भात्याला नवे कापड लावले, हवा धरत नव्हती तेवढी भोके बुजवली, आणि सूर होते तसेच ठेवून पेटी परत दिली.